अकरा इंचांची पायरी

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आई पुण्यात राहते. वय अठ्ठ्याहत्तर. घरापासून भाजीवाल्यापर्यंत जेमतेम चारशे पावलं. वाटेत फूटपाथ आहे, तरी ती खालून, रस्त्याच्या कडेनं चालते. मी तिला कितीदा तरी रागावलो. शेवटी एकदा ती म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. आणि मोज, मला किती वेळा चढा-उतरायला लागतं ते."

मी मोजलं. भाजीवाल्यापर्यंत नऊ वेळा. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी फूटपाथ संपतो, गाडी आत जाते, पुढे पुन्हा फूटपाथ सुरू. एका ठिकाणी टेप लावला, तर पायरी अकरा इंचांची निघाली. आपल्या घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या बाईनं अकरा इंच चढून जावं, आणि तेही नऊ वेळा, हातात भाजीची पिशवी घेऊन! त्या दिवसापासून मी आईला रागावणं सोडून दिलं.

रस्ते कसे असावेत याचे नियम आपल्याकडे नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेनं 2012 साली पादचाऱ्यांच्या सोयींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. फूटपाथची उंची दीडशे मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, त्याहून जास्त नको. चालायला मोकळी जागा किमान 1.8 मीटर, म्हणजे समोरासमोरून आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील इतकी. यातला 'मोकळी' हा शब्द मोलाचा आहे. फूटपाथ कागदावर दोन मीटरचा असतो, पण त्यातच विजेची डीपी, दिव्याचा खांब, झाडाचा पार आणि दुकानाची पाटी उभी असते. माणसाला उरतं ते हातभर.

मग उंची का वाढते? पुष्कळांना वाटतं, फूटपाथ उंच केला की दुचाक्या वर चढणार नाहीत. दुचाक्या चढतातच, फाटकाजवळच्या उतारावरून. अडतात ते म्हातारी माणसं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, कुबड्या घेतलेला माणूस. यावरचा उपाय साधा आहे. फाटकाशी फूटपाथ खाली आणायचाच नाही, तो त्याच पातळीवर सरळ पुढे न्यायचा. त्याच्या बाहेरच्या कडेला छोटा उतार द्यायचा आणि गाडीनं चढून पलीकडे जायचं. चढताना चालकाला वेग कमी करावाच लागतो, आणि आपण चालणाऱ्यांच्या जागेतून जातोय हे चाकालाच कळतं. पाटी लावायची गरज उरत नाही.

हे जमतं का? तुम्ही जंगली महाराज रस्त्यावर गेला असाल. खड्डे न पडणारा रस्ता म्हणून पुणेकर त्याचं कौतुक वर्षानुवर्षं करत आले. अलीकडे महापालिकेनं त्याचे फूटपाथ नव्यानं केले. रुंद फूटपाथ, जुनी झाडं जागच्या जागी, त्यांच्या सावलीत बाक, पार्किंगला आखलेली जागा. काम सुरू झालं तेव्हा वाहतूक तुंबेल, दुकानं ओस पडतील, अशी भीती बोलली जात होती. आता संध्याकाळच्या वेळी तिथे बाकावर जागा मिळत नाही. आईला मी तिकडे घेऊन गेलो, तेव्हा ती दोनदा बसली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "अजून थोडं चालू या."

सायकलची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. माझे वडील खडकीला कारखान्यात सायकलवरून जात. पहिल्या पाळीच्या वेळी रस्ताभर सायकलींच्या घंटा ऐकू येत. त्याच पुण्यात आता सायकल ट्रॅक आहेत, पण ते तुकड्या-तुकड्यांत. बसथांब्याशी तुटतात, चौकाच्या अलीकडे संपतात. सायकलवाल्याला सर्वांत जास्त धोका चौकातच असतो आणि नेमकं तिथेच आपण त्याला सोडून देतो. ज्या ट्रॅकवरून दहा वर्षांची मुलगी एकटी शाळेत जाऊ शकत नाही, त्याची लांबी मोजून अहवालात लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौकाचं आणखी एक सांगतो. कोपरा जितका मोठा, गोलाकार, तितकी गाडी वेगात वळते. तोच कोपरा आखडता केला, की गाडी हळू होते आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही कमी होतं. खडी-सिमेंटचं चार दिवसांचं काम! आणि वेगाचं गणित बघा. ताशी 50 किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात 14 मीटर पुढे जाते, 30 नं येणारी आठेक मीटर. धडक बसलीच, तर पन्नासच्या गाडीत तिसाच्या गाडीच्या पावणेतीन पट ऊर्जा असते. माणसाला बसणारा मारही त्या मानानं वाढतो. 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती.

"पादचारी पूल आहे की!" असं कुणी म्हटलं, की मी त्यांना पायऱ्या मोजायला सांगतो. बस-ट्रक खालून जायचे तर पूल सहा मीटर तरी उंच लागतो. म्हणजे चाळीसएक पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली. गाडीतल्या माणसाला अर्धा मिनिट थांबावं लागू नये म्हणून माझ्या आईनं ऐंशी पायऱ्या कराव्यात, हा हिशोब मला पटत नाही. तिला जमिनीवरूनच पलीकडे जाऊ द्या. रस्त्याच्या मधोमध थांबायला सुरक्षित जागा द्या, आणि सिग्नलचे सेकंद तिच्या चालीनं मोजा. अठरा मीटरचा रस्ता तरुण माणूस पंधरा सेकंदांत ओलांडतो. आईला बावीस-तेवीस लागतात.

2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की फूटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातला, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो निकाल मी आईला वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपल्या गल्लीतलं काम कधी?"

त्या अकरा इंचांच्या पायरीचा फोटो आणि मापं घालून मी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला आहे. खाली पहिली सही आईची आहे. तिच्यानंतर भाजीवाल्यानं केली, मग फाटकांवरच्या तीन रखवालदारांनी. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, चालत.

नमस्कार.