एचआयव्हीला लागणारा दुसरा रिसेप्टर

पडद्यावर दिसणारा हा गोल कण म्हणजे एचआयव्ही. त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्याजवळ आरएनएच्या रूपात जनुकीय माहिती असते, परंतु त्या माहितीनुसार प्रथिने घडवण्याची यंत्रणा मात्र पेशीच्या आतच मिळते. आत शिरण्यासाठी रेट्रोव्हायरस, म्हणजे एचआयव्ही ज्या गटात मोडतो त्या गटातील विषाणू, पेशीच्या पृष्ठभागावरील अशा प्रथिनांना चिकटतात, जी पेशीने स्वतःच्या गरजेसाठी तेथे ठेवलेली असतात. विषाणू ज्याला चिकटतो, ते प्रथिन म्हणजे त्याचा रिसेप्टर. उंदरांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, करणारा एक रेट्रोव्हायरस अमिनो आम्ले आत आणणाऱ्या प्रथिनाचा असाच वापर करतो.

एचआयव्हीचा पहिला रिसेप्टर आहे सीडी४. रोगप्रतिकाराचे नियोजन करणाऱ्या टी-पेशींवर तो विपुल असतो, आणि म्हणूनच या विषाणूचा आघात नेमका त्याच पेशींवर होतो. १९८४ साली लंडन आणि पॅरिस येथील दोन संशोधक गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवून दिले. पण १९८६ साली मानवी सीडी४ बसवलेल्या उंदराच्या पेशींवर प्रयोग झाला, तेव्हा विषाणू त्या पेशींना चिकटला आणि बाहेरच राहिला. मानवी पेशीत आणखी काहीतरी होते, आणि ते शोधण्यात पुढची दहा वर्षे गेली.

१९९६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एडवर्ड बर्जर यांच्या प्रयोगशाळेने सीएक्ससीआर४ हा सहरिसेप्टर, म्हणजे सीडी४च्या जोडीला लागणारा दुसरा रिसेप्टर, ओळखला. त्यानंतर काही आठवड्यांतच पाच गटांनी सीसीआर५ या आणखी एका सहरिसेप्टरची भूमिका उघड केली. नव्या संसर्गात बहुतेक वेळा हा सीसीआर५च वापरला जातो, आणि भारतात सर्वाधिक आढळणारा एचआयव्हीचा सी उपप्रकारही प्रामुख्याने त्याच्यावरच अवलंबून असतो.

आता हा क्रम सावकाश पाहू. विषाणूच्या पृष्ठभागावरील जीपी१२० हे प्रथिन सीडी४ला जुळते आणि आपला आकार बदलते. त्यानंतरच सीसीआर५ला जुळणारा त्याचा भाग उघडा पडतो. तोवर तो भाग झाकलेला राहिल्यामुळे आपल्या प्रतिपिंडांना तो सहजी सापडत नाही. प्रतिबंधक लस तयार करणे इतके अवघड का ठरले, याचे एक महत्त्वाचे कारण या झाकलेपणात आहे, आणि या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत विलक्षण गोष्टही मला हीच वाटते. सहरिसेप्टर जुळताच जीपी१२०च्या आतले जीपी४१ हे प्रथिन पुढे सरसावून आपले टोक पेशीपटलात रोवते. त्याचे दुसरे टोक विषाणूच्या आवरणात असते. मग ते मिटत्या अडकित्त्यासारखे दुमडते, दोन्ही पटले एकमेकांना भिडून एकजीव होतात आणि विषाणूचा गाभा पेशीत उतरतो.

या टप्प्यांवरच औषधांनी नेम धरला. २००३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एन्फुव्हिर्टाइड जीपी४१चे दुमडणे रोखते, तर २००७ साली आलेले माराव्हिरॉक सीसीआर५लाच विषाणूसाठी निरुपयोगी करते.

युरोपीय वंशाच्या काही थोड्या लोकांत आई आणि वडील या दोघांकडूनही सीसीआर५चे सदोष जनुक आलेले असते. त्यांच्या पेशींवर हा सहरिसेप्टर नसतो. २००७ साली बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राऊन यांना ल्युकेमियावरील उपचारासाठी अशाच दात्याच्या मूलपेशी देण्यात आल्या, आणि एचआयव्हीतून बरी झालेली पहिली व्यक्ती म्हणून त्यांची नोंद झाली. जर्मनीतील एसेन येथील एका रुग्णात मात्र अशाच प्रत्यारोपणानंतर सीएक्ससीआर४ वापरणारा विषाणू पुन्हा वाढला. माराव्हिरॉक सुरू करण्यापूर्वीही, रुग्णातील विषाणू या दोहोंपैकी कोणता सहरिसेप्टर वापरतो, याची चाचणी याच कारणासाठी केली जाते.