येऊरच्या पावसात उलगडलेली जाळी

उपवन तलाव मागे टाकून रस्ता येऊरकडे चढू लागला की एकेका वळणावर ठाण्याचा गोंगाट गळत जातो. आषाढ लागलाय. रात्रभर कोसळून पाऊस पहाटे थांबला, पण झाडं अजून ठिबकतायत. चौकीवर नोंद करून आम्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या ठाणे बाजूनं आत शिरलो. सोबत पाटोणपाड्यातले काका. त्यांचा जन्म इथलाच.

बांबूच्या बेटाखाली त्यांची काठी थांबली.

"हे बघ."

मला पाचोळाच दिसला. मग दिसलं, एक अंडं. कोंबडीच्या अंड्याएवढं, मळकट पांढरं, अर्धं मातीत रुतलेलं. इतके पावसाळे इथं फिरतेय मी. अशी किती अंडी ओलांडून गेले असेन.

"पाय जपून ठेव. बस इथं. आज उघडणार ते."

आम्ही बसलो. डास चावत होते, कॅमेऱ्याची काच सारखी धुरकटत होती. आणि मग अंडं वरून तडकलं.

आत होती अळंबी. शेवाळी रंगाची टोपी आधी बाहेर आली. तिच्याखाली पांढरा, स्पंजासारखा दांडा. बघता बघता तो वीतभर उंच झाला! या दांड्याच्या पेशी आतच तयार असतात, दाबून बसवलेल्या. पाणी शोषून त्या फुगतात, ताणतात, आणि महिनाभराची वाटावी अशी उंची काही तासांत गाठतात. म्हणून रात्रीचा पाऊस हवा.

दांडा थांबला, तेव्हा टोपीच्या कडेखालून जाळी उतरायला लागली. पांढरीशुभ्र. आजीनं क्रोशानं विणलेल्या रुमालासारखी, भोकाभोकांची. इतकी हळू, की नजर हटवून पुन्हा पाहिलं तरच कळावं. मी श्वास धरून बसले होते. आमच्यापैकी कुणीच बोललं नाही. तेव्हा घेतलेली चित्रफीत मी नंतर कितीदा पाहिली, तरी त्या क्षणी छातीत जे धडधडत होतं ते तिच्यात आलेलं नाही.

या अळंबीचं शास्त्रीय नाव फॅलस इंदुसिॲटस. १७९८ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाँतना यांनी तिचं वर्णन केलं. इंदुसिअम म्हणजे लॅटिनमध्ये अंगातलं वस्त्र.

रूप असं, आणि वास मात्र कुजल्याचा. टोपीवरच्या चिकट हिरव्या लेपात बीजाणू असतात. बहुतेक अळंब्या ते वाऱ्यावर सोडतात. हिला माश्या लागतात. वासावर माश्या येतात, लेप खातात आणि बीजाणू रानभर नेतात. पहिली माशी आली तेव्हा जाळी अजून पुरती उतरलीही नव्हती.

चीनमध्ये ही वाळवून सूपमध्ये घालतात, तिची लागवडही होते. मी काकांना विचारलं, तुम्ही खाता का?

"छे! आमची ती वारुळावरची."

दुपारपर्यंत टोपी चाटूनपुसून साफ झाली आणि जाळी ओल्या कापडासारखी दांड्याला चिकटली. एक सकाळ, एवढंच तिचं आयुष्य. जमिनीखाली बुरशीचे धागे तसेच आहेत, कुजकी पानं पचवत.

आम्ही उठलो. दोन पावलांवर काकांनी पुन्हा काठी टेकली. पाचोळ्यात आणखी एक अंडं.

"हे कधी?"

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "पडला तर उद्या."