उलगडलेलं विमान

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच हे दोन कागद मागच्या रांगेपर्यंत फिरवतोय. मी बोलत असताना बघत राहा, फक्त घडी घालू नका. दोन्हींवर एकच विमान आहे, डग्लस डीसी-३, जुनं दोन इंजिनांचं प्रवासी विमान. आणि दोन्हींवर ते सोलून पसरल्यासारखं दिसतंय: धडाची डावी बाजू, उजवी बाजू, पंखांचा वरचा पृष्ठभाग, खालचा पृष्ठभाग, इंजिनांची आवरणं, आणि जिथे जागा उरली तिथे कोंबलेली चाकं. यातला एक कागद कापून, चिकटवून त्याचं विमान करायचं आहे. दुसऱ्याला कात्री कधीच लागणार नाही, कारण ते फ्लाइट सिम्युलेटरमधल्या विमानाचं टेक्स्चर आहे, म्हणजे स्क्रीनवरच्या विमानावर गुंडाळायचं चित्र, मी फक्त छापून आणलंय. कुठला कागद कोणता हे ओळखायची झटपट खूण एकच: एकावर गोंद लावायच्या पट्ट्या आहेत, दुसऱ्यावर नाहीत.

हे दोन्ही छंद मी बरीच वर्षं करतोय आणि लोक मला नेहमी विचारतात, तुमचं नक्की काय चाललंय? एक कॉम्प्युटरवरचा खेळ, दुसरं शाळेतलं हस्तकलेचं काम, यांचा एकमेकांशी संबंध काय? संबंध या कागदांवर आहे. दोन्हीकडे एक गोल, फुगीर, सगळीकडून वळलेली वस्तू सपाट करायची असते आणि मग ती पुन्हा गोल दिसेल अशी जुळवायची असते. सिम्युलेटरमध्ये जुळवणी ग्राफिक्स कार्ड करतं, टेबलावर आपली बोटं करतात. अडचणी मात्र दोघांच्या त्याच.

आता ही अडचण जरा नीट बघू, कारण खरी मजा तिथेच आहे. नळी सपाट करता येते. शंकूही करता येतो. उभा चिरला, उलगडला, झालं. पण चेंडू सपाट होत नाही. संत्र्याची साल टेबलावर दाबून बघा, ती फाटते तरी किंवा फुगते तरी. गणितज्ञ गाउसने १८२७ साली हे गणिताने दाखवून दिलं: पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय त्याची दोन्ही दिशांची मिळून होणारी वक्रता बदलत नाही. त्याच्याही आधी, १५०७ साली, वाल्डझेम्युलर या नकाशाकाराने पृथ्वीचा छोटा गोल बनवण्यासाठी बारा पाकळ्यांचा नकाशा छापला होता, कापून गोलावर चिकटवायचा. अमेरिका हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते त्याच वर्षी, त्याच्याच नकाशांवर. माझ्या हिशेबात तो पाकळ्यांचा नकाशा म्हणजे कागदी मॉडेलचा तक्ताच आहे.

विमानाच्या धडाचा मधला भाग नळी आहे, तो कागदाला आनंदाने जमतो. नाक हा चेंडूचा तुकडा आहे, तो जमत नाही. मग कागदी मॉडेलचा आराखडा करणारा दोन वाटा काढतो. एक तर नाकाच्या पाकळ्या पाडायच्या, नाहीतर नाकाचे आडवे काप करून प्रत्येक काप म्हणजे एक बुटका शंकू मानायचा. पाकळ्यांचं नाक दिसायला गुळगुळीत, पण टोकाशी सगळ्या पाकळ्या एका बिंदूत आणताना जीव जातो. शंकूंचं नाक सोपं, पण उजेडात बाजूने बघितलं की त्याच्यावर कड्या दिसतात. मी शंकूवाला आहे. पाकळीवाल्यांशी वाद घालून उपयोग नसतो.

टेक्स्चर करणाऱ्याला कागद फाडावा लागत नाही, तो ताणतो. त्याचं चित्र रबरासारखं असतं. पण त्याची किंमत मोजावी लागतेच: नाकावर सरळ काढलेला पट्टा विमानावर बसला की केळ्यासारखा वाकतो. म्हणून लिव्हरी, म्हणजे विमानावरचे रंग आणि पट्टे, रंगवणारे लोक सपाट चित्रावर मुद्दाम वाकडी रेघ काढतात, म्हणजे विमानावर ती सरळ दिसते. ती रेघ किती वाकडी हवी, हे दहा वेळा सेव्ह करून दहा वेळा विमान फिरवून बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि शिवण कुठे ठेवायची? दोघांचं उत्तर एकच: पोटाखाली. तिथे कुणाची नजर जात नाही. पेपाकुरा नावाचा एक जपानी प्रोग्राम आहे, त्याला थ्रीडी मॉडेल दिलं की तो ते आपोआप उलगडून कागदावर मांडतो. उपयोगी आहे, मीही वापरतो. पण नजर कुठे जाते हे त्याला माहीत नसतं. तो शिवण खिडक्यांच्या मधोमध टाकतो आणि इंजिनाच्या आवरणाचे तांदळाएवढे त्रिकोण पाडतो. ते चिमट्याने चिकटवणाऱ्याची दया त्याला येत नाही.

सिम्युलेटरचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो माहीत असेल. ब्रूस आर्टविकचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर अ‍ॅपल टू वर चालायचा. १९८२ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आला. त्याचीच एफएसएक्स ही आवृत्ती २००६ ची. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारा स्टुडिओच बंद केला, तरी लोक एफएसएक्स उडवतच राहिले. का? अ‍ॅड-ऑनमुळे, म्हणजे मूळ खेळाला वरून जोडायच्या भागांमुळे. मूळ कंपनीने हात काढला तरी कुणीतरी नवीन विमान करत होतं, कुणी विमानतळ, कुणी ढग. नवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० च्या ऑगस्टमध्ये आला तोवर ही मंडळी टिकून होती. शिवाय एक्स-प्लेन आहे, तो पंखाचे छोटे छोटे तुकडे मानून प्रत्येकावरचा हवेचा जोर वेगळा मोजतो. आणि फ्लाइटगिअर आहे, पूर्ण मोफत, ज्याचा कोडही उघडा.

अ‍ॅड-ऑन म्हटलं की नवखा माणूस आधी विमानं गोळा करायला लागतो. मला हे आवडत नाही, स्पष्ट सांगतो. हार्ड डिस्क भरते, लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, रिकामं राहतं. कागदी मॉडेलवाल्यांचंही तेच: फायलींचा डोंगर, टेबलावर एकही पूर्ण विमान नाही. एक विमान घ्या आणि त्याच्यामागे लागा. मी डीसी-३ च्या मागे लागलो. १७ डिसेंबर १९३५ ला ते पहिल्यांदा उडालं, राइट बंधूंच्या उड्डाणानंतर बरोबर बत्तीस वर्षांनी, त्याच तारखेला. पंखांची लांबी जवळजवळ २९ मीटर. म्हणजे १:१०० ला २९ सेंटीमीटर, ए-फोर कागदाच्या लांबीएवढे. पण पोलंडमध्ये रुळलेलं आणि कागदी विमानांत सगळीकडे गेलेलं प्रमाण १:३३ आहे. त्यात हेच विमान ८८ सेंटीमीटर होतं. घरच्यांशी आधी बोलून घ्या.

लिव्हरी हे अ‍ॅड-ऑनमधलं सगळ्यात दुर्लक्षित पण सगळ्यात शिकवणारं काम. विमान दुसऱ्याने बनवलेलं असतं, तुम्ही फक्त रंग देता. आणि रंग द्यायला लागलात की विमान खरं कळायला लागतं. जुन्या सिम्युलेटरमध्ये जागा वाचवायला डाव्या बाजूचंच चित्र आरशासारखं उलटं करून उजवीकडे वापरलेलं असायचं. रेखाटन सुंदर झालंय म्हणून तुम्ही खूश होता, उजवीकडून बघता तर विमानाचं नोंदणी अक्षर उलटं. मग कळतं की अक्षरांसाठी वेगळा तुकडा हवा.

पत्र्याच्या जोडरेषांचं बघा. सगळे नवखे त्या फार ठळक काढतात. १:३३ च्या कागदावर ०.३ मिलिमीटर जाडीची काळी रेघ काढली तर खऱ्या विमानात ती एक सेंटीमीटरची फट झाली. एवढ्या फटीचं विमान कोण उडवेल? करड्या रंगाने, पातळ काढा. स्क्रीनवरही हाच नियम. आणि मळ. मळ कुठेही शिंपडायचा नसतो. डीसी-३ ची इंजिनं तेल गाळतात, ते वाऱ्याबरोबर मागे पंखावर ओघळतं. एग्झॉस्टची काजळी एका ठराविक वाटेने जाते. हे ओघळ नीट काढायचे तर हवा विमानावरून कशी वाहते याचा विचार करावाच लागतो. आणि तो एकदा केला की पंखाबद्दल पुस्तकात वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं.

आता टेबलाकडे. धडाचा एक तुकडा घेऊ, १६० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम भरणाऱ्या कागदावर छापलेला. छापताना प्रिंटरचा ‘फिट टू पेज’ हा पर्याय बंद. हे विसरलात तर प्रत्येक पान थोडं लहान होतं, आणि नंतर दुसऱ्या प्रिंटरवर काढलेलं एखादं पान त्यात बसत नाही. तुकडा कापायच्या आधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. एका दिशेने तो सहज वळतो, दुसऱ्या दिशेने हट्ट करतो. कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात. नळीची लांबी त्या तंतूंना समांतर ठेवली तर धड आपणहून वळतं. नाहीतर त्याच्यावर बारीक बारीक मोडी पडतात आणि त्या रंगाने झाकल्या जात नाहीत. मग तुकडा उलटा करून माउसपॅडवर ठेवायचा आणि गुळगुळीत दांडा त्याच्यावरून फिरवत राहायचा. घाई नाही. दहा-बारा फेऱ्यांनी तो वळायला लागतो.

कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते, कागदाचा आतला रंग. ती त्याच रंगाच्या जलरंगाने झाकायची, चिकटवायच्या आधी. चिकटवल्यावर जाल तर रंग बाहेर पसरतो. इंकजेटची शाई पाण्याने फुटते, म्हणून आधी पारदर्शक वार्निशचा फवारा. पांढरा गोंद टूथपिकच्या टोकाने, एवढासाच. जास्त लावला की कागद पाणी पितो आणि तुमची नळी बटाट्यासारखी होते. आतला सांगाडा एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचा. इथे एक गंमत: मॉडेल निम्म्या आकारात छापता येतं, पण पुठ्ठ्याची जाडी निम्मी होत नाही. म्हणून लहान केलेल्या मॉडेलचा सांगाडा आत मावत नाही, तो पातळ पुठ्ठ्याचा पुन्हा करावा लागतो.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. काई ताक विमानतळ. हाँगकाँगचा हा विमानतळ जुलै १९९८ मध्ये बंद झाला. १३ नंबरच्या धावपट्टीवर उतरताना वैमानिक समोरच्या टेकडीवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या चौकटीकडे सरळ जायचा आणि मग इमारतींच्या डोक्यावरून उजवीकडे ४७ अंश वळून धावपट्टी पकडायचा. ते वळण आज कुणीच घेऊ शकत नाही. पण सीनरी बनवणाऱ्यांनी ती टेकडी, ती चौकट, त्या इमारती पुन्हा उभ्या केल्यात, आणि सिम्युलेटरवाला रोज रात्री तिथे उतरतो. चुकतोही. शिकागोच्या मिग्ज फील्डचंही तसंच: सिम्युलेटरच्या कितीतरी आवृत्त्या त्या छोट्या धावपट्टीवरूनच सुरू व्हायच्या. मार्च २००३ च्या अखेरीस शहराच्या महापौरांनी रात्रीतून बुलडोझर लावून ती खणली. छंदवाल्यांनी नव्या आवृत्त्यांसाठी ती परत बनवली. सरकारी कागद काहीही म्हणोत, आमच्या नकाशावर ती आहे.

हे दोन्ही एकाच संध्याकाळी कसं जमतं, असा प्रश्न नेहमी येतो. अहो, एकमेकांमुळेच जमतं. जेट विमान घेऊन लांबचं उड्डाण लावा. चढाई झाली, ऑटोपायलट लावला, आता चार तास समुद्र. त्या वेळात सिम्युलेटरवाला काय करतो? मी सांगाडा कापतो. गोंद वाळायला जो वेळ लागतो तो असाही कुठेतरी घालवायचाच असतो. त्रास एकच: उतरायची वेळ नेमकी तेव्हाच येते जेव्हा चिमट्यात इंजिनाचं आवरण आणि अंगठ्यावर गोंद असतो. त्यामुळे माझ्या जॉयस्टिकच्या बटणांची अवस्था बघण्यासारखी आहे.

आणखी एक बोलायला हवं. मोफत अ‍ॅड-ऑन म्हणजे बेवारशी माल नव्हे. प्रत्येकासोबत एक रीडमी फाइल असते, तिच्यात लेखकाने काय चालेल आणि काय नाही ते लिहिलेलं असतं. सिम्युलेटरचं विकतचं मॉडेल उचलून, उलगडून, स्वतःच्या नावाने कागदी तक्ता वाटणं ही चोरी आहे, कितीही हौसेने केलेली असो. विचारलंत तर बरेच लेखक आनंदाने हो म्हणतात.

(श्रोत्यांमधून: सुरुवात कुठल्या विमानाने करावी?)

सेस्ना १७२. १९५५ पासूनचं विमान, ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. पंखांची लांबी ११ मीटर, म्हणजे १:३३ ला ३३ सेंटीमीटर, टेबलावर मावतं. धडाच्या बाजू बऱ्याचशा सपाट, पंख आतल्या अर्ध्या भागात एकसारख्या रुंदीचे. कागदाला यापेक्षा सोयीचं विमान मिळणार नाही. आणि फ्लाइटगिअरमध्ये ते फुकट मिळतं, लिव्हरी रंगवून बघायला तेच घ्या.

(श्रोत्यांमधून: यातलं टिकतं काय, कागद की फाइल?)

चांगला प्रश्न. तुम्हाला वाटेल फाइल. माझा अनुभव उलटा आहे. एफएसएक्ससाठी केलेली जुनी विमानं, विशेषतः त्यांच्या कॉकपिटमधली उपकरणं, नव्या सिम्युलेटरमध्ये थेट चालत नाहीत; आतला सगळा पाया बदललाय. उलट, ब्रिटनमध्ये युद्धाच्या काळात पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर छापलेली मायक्रोमॉडेल्स नावाची कागदी मॉडेलं होती, ती आजही कुणी कात्री घेऊन बसलं तर जमतात. तयार मॉडेल उन्हात फिकं पडतं, ते खिडकीपासून लांब ठेवा, एवढंच. आणि तक्त्याची मूळ फाइल रीडमीसकट जपून ठेवा. पुढे कुणाला द्यायची झाली तर परवानगी कुणाकडे मागायची ते त्यातच असतं.