पिल्लाचे पट्टे

(बडोदे, दांडिया बाजार. जुन्या वाड्याचा चौक, पागोळ्या गळताहेत. पायरीवर प्लास्टिकची बरणी.)

बरणी लोणच्याची आहे. झाकणाला दाभणानं भोकं पाडलीत. आत वेटोळं घालून जे बसलंय ते सरळ केलं तर जेमतेम फूटभर भरेल. निळसर काळं अंग, त्यावर पांढऱ्या बारीक रेघा. सकाळी मोरीशी नाडी पडलीय असं वाटून आजी ती उचलायला वाकल्या होत्या. नाडी हलली.

साप धरायला आलेला मुलगा याच पेठेतला. आजी त्याला ठामपणे सांगतात, "अरे, कवड्या आहे तो. पट्टे बघ, मानेपासून आहेत. काळोतऱ्याला पुढे पट्टे नसतात."

काळोतरो म्हणजे आपली विषारी मण्यार. कवड्या दिसतो तसाच, पण बिनविषारी. बडोद्याच्या मराठी घरांत सापांची नावं बहुतेक गुजरातीच चालतात. घोणसही इथे खडचितळो होते.

आजींचा नियम चुकीचा नाही. कवड्याचे पट्टे मानेशी ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलटं: पुढचा भाग बराचसा कोरा, मागे जोडीजोडीनं पांढऱ्या रेघा. शाळेतल्या तक्त्यावरही हेच असतं. फक्त तक्त्यावरची मण्यार मोठी असते. पिल्लाच्या अंगावर त्या रेघा मानेपासूनच स्वच्छ उमटलेल्या असतात. पुढच्या रेघा वयानुसार पुसट होतात, काहींच्या तुटून ठिपके होतात. म्हणजे ज्या खुणेवर अख्खी पेठ विसंबून आहे, ती नेमकी पिल्लाच्या बाबतीत दगा देते. आणि पावसाळ्यात घरात पिल्लंही शिरतात.

(मोबाइलचा कॅमेरा बरणीला टेकलेला.)

आता जवळून बघा. रंग विसरा, पाठीचा कणा बघा. मधोमध खवल्यांची एक रांग आहे, बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची. प्रत्येक खवला षटकोनी, पोळ्यातल्या घरासारखा. कवड्याच्या पाठीवर अशी रांग नसते. ही रांग मण्यार जन्मतःच घेऊन येते आणि मरेपर्यंत ती बदलत नाही.

आजी चष्मा पुसून पुन्हा बघतात. काही बोलत नाहीत.

घोणशीचं पिल्लू फसवतं ते निराळ्या रीतीनं. घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते, एका वेळी 20 ते 40 सहज. पाठीवरची साखळी तीच, पण पिल्लाचा रंग इतका ताजा, तांबूस तपकिरी, की माणूस बघत राहतो. कुणाला ते अजगराचं पिल्लू वाटतं, कुणाला बिनविषारी डुरक्या घोणस. हौसेनं हातात घेतलेलं 'अजगराचं पिल्लू' ही सर्पमित्रांना कायम धडकी भरवणारी गोष्ट आहे.

परदेशात काही देशांत विषारी साप पाळणारे शौकीन आहेत. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग, घोणस घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण काचेच्या पेटीत वर्षानुवर्षं एकच साप पाहणाऱ्यांना रंग कसा सरकत जातो ते दिसतं, हे मान्य करायला हवं. अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉटनमाउथ घ्या. जन्मतो तेव्हा अंगावर रेखीव तांबूस पट्टे आणि शेपटीचं टोक गंधकासारखं पिवळं. ते टोक अळीसारखं वळवळवून तो बेडकाला जवळ बोलावतो. मोठा झाला की सगळं काळपट. एकाच सापाचे हे दोन फोटो शेजारी ठेवले तर कुणी एक जात म्हणणार नाही.

मध्य अमेरिकेतल्या पापणीवाल्या व्हायपरची तर गंमतच. डोळ्यांवर खवल्यांच्या पापण्या, आणि एकाच आईच्या एकाच वेतात एक पिल्लू पिवळंधमक, दुसरं शेवाळी, तिसरं राखाडी. सख्खी भावंडं, जात एक, विष एक. असल्या दुर्मिळ रंगासाठी शौकीन मुद्दाम जोड्या लावतात. मला स्वतःला तो बाजार आवडत नाही. जंगलात दुरून दिसणारा पांढरा नाग फार दिवस टिकत नाही. पेटीत त्याला भाव येतो.

(मुलाच्या तळहातावर कात.)

ही धामणीची कात, याच वाड्याच्या पन्हाळीत सापडलेली. खवला न् खवला मोजता येतो, रंग मात्र जवळजवळ नाही. रंगाच्या पेशी खालच्या थरात असतात, त्या सापाबरोबर गेल्या. कात टाकायच्या आधी काही दिवस सापाचा रंग मळकट होतो, डोळे दुधी निळे पडतात. वाढतं पिल्लू कात पुन्हा पुन्हा टाकतं, त्यामुळे हा मळका वेश त्याच्या अंगावर अधिक वेळा चढतो.

"पण एवढ्याशाला विष कितीसं असणार?" आजी विचारतात.

मोठ्या सापापेक्षा कमीच. पण अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून असतं. मण्यार रात्री झोपेत चावते, बऱ्याचदा कळतही नाही. दुखत नाही, सूज नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, उघडता उघडत नाहीत, मग श्वास. इस्पितळात प्रतिविषाचा डोस लक्षणं बघून ठरवतात, साप लहान होता म्हणून कमी करत नाहीत.

मुलगा वनखात्याला फोन लावतो, बरणी पिशवीत नीट उभी ठेवतो. "आजी, आजपासून खाली गादी घालून झोपू नका. पलंगावर मच्छरदाणी लावा, कडा गादीखाली खोचा. आणि ह्या मोरीला बारीक जाळी बसवून घ्या."

"बसवते हो."

"बरणी संध्याकाळी आणून देतो."

"ठेव तुलाच," आजी म्हणतात. "त्यात आता काय लोणचं घालायचंय?"