किरकिर डेटातून येत नाही, ग्राउंडमधून येते

कॉम्प्युटरला यूएसबीवरून डॅक (डिजिटल डेटाचा ॲनालॉग आवाज करणारी डबी) आणि त्याला ॲम्प लावून ऐकताना माउस हलवला की स्पीकरमधून बारीक किर्र येतं, गेम लावला की ते वाढतं, हे इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, आणि मग सगळ्यात आधी संशय जातो यूएसबी केबलवर. पण बघा, सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओला सेकंदाला साधारण 1.4 मेगाबिट लागतात आणि यूएसबी 2.0 चा वेग आहे 480. डेटा खराब झाला तर आवाज तुटतो, टकटक होते, पण माउसबरोबर हलणारी किरकिर त्यातून येत नाही.

ती येते ग्राउंडमधून, म्हणजे उपकरणांना अर्थिंगशी आणि एकमेकांशी जोडणाऱ्या समाईक तारेतून. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा, ॲम्पही तीन पिनचा, म्हणजे दोघांचं अर्थिंग भिंतीत एक झालेलंच असतं, आणि वर आपण यूएसबी, डॅक, आरसीए केबल (डॅकमधून ॲम्पला आवाज नेणारी) असं करत ते पुन्हा जोडतो, झाला लूप, म्हणजे करंटला फिरायला गोल वाट, तयार! आता आरसीए केबलची बाहेरची जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असते, त्यामुळे लूपमधला करंट तिच्यातून वाहिला की जो अगदी थोडासा व्होल्टेज पडतो तो ॲम्पला गाण्याचाच भाग वाटतो आणि तो इमानदारीत मोठा करून ऐकवतो. त्यात घरच्या विजेचा 50 हर्ट्झचा हम (घूं असा आवाज) असतो, ग्राफिक्स कार्डाची खरखर असते, आणि कधी कधी 8 किलोहर्ट्झची शिट्टीपण, कारण हाय-स्पीड यूएसबीत दर 125 मायक्रोसेकंदांनी नवी मायक्रोफ्रेम (डेटा पाठवायचा छोटा टप्पा) सुरू होते.

आधी एकच करा, चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. किरकिर गेली तर लूप पकडला म्हणून समजा. मग सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघा, फुकटात होतं आणि कित्येकदा पुरतं. डॅकला वेगळा भारी पॉवर सप्लाय घेणारे लोक मला भेटतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण यूएसबीतली ग्राउंडची तार तशीच जोडलेली राहते, लूप तुटतच नाही.

कॉम्प्युटरला ऑप्टिकल आउटपुट असेल तर मात्र प्रश्नच मिटला, त्यात तांब्याची तारच नाही, 96 किलोहर्ट्झपर्यंत ते सहसा आरामात चालतं. नसेल तर यूएसबी आयसोलेटर (तारेचा थेट संबंध तोडून फक्त डेटा पुढे नेणारी डबी), पण स्वस्तातले बरेचसे 12 मेगाबिटचेच असतात आणि हाय-स्पीड डॅक त्यावर नीट चालत नाही किंवा वरचे सॅम्पल रेट देत नाही, तेव्हा वेग विचारूनच घ्या. डॅक आणि ॲम्प दोन्हीला बॅलन्स्ड एक्सएलआर जोडणी असेल तर मी तेच आधी सांगेन, तिथे सिग्नल दोन तारांमधला फरक म्हणून जातो आणि जाळीतल्या करंटचा त्याला फारसा त्रास होत नाही.

आणि हे हात जोडून सांगतो, हम घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन कापू नका, आत कुठे शॉर्ट झालं तर ॲम्पच्या बॉडीत 230 व्होल्ट येतात आणि त्याला घरातलं कुणीही हात लावू शकतं.