गार हवं, गोठलेलं नको

श्रोतेहो, नमस्कार.

मिरजेच्या एका रक्तपेढीत मी बरीच वर्षं टेक्निशियन होते. एका सकाळी जत तालुक्यातला एक पोरगा काउंटरवर आला. बहिणीच्या बाळंतपणासाठी रात्री दोन पिशव्या नेल्या होत्या, त्यातली एकच लागली. दुसरी परत द्यायला तो पहिल्या एसटीनं आला होता. म्हणाला, "ताई, वाया जाऊ दिली न्हाई. रातभर मावशीच्या फ्रीजरात ठेवलीया. दुसऱ्या कुनाच्या तरी उपेगी पडंल."

टॉवेलातून पिशवी काढली, तर मधे अजून बर्फाचा गोळा होता. चांगली पिशवी उभी ठेवली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर फिकट पिवळं पाणी दिसतं. इथं वरचं पाणी कोकम सरबतासारखं लालभडक झालेलं. पेशी फुटल्या होत्या.

लाल पेशी पाण्यानं भरलेली असते. गोठताना त्या पाण्याचे स्फटिक होतात, उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात, आणि पेशीचं नाजूक आवरण फाटतं. आतलं हिमोग्लोबिन बाहेर पडतं. असं रक्त चढवलं तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात, जिवावर बेततं. ते रक्त टाकून देण्यावाचून इलाज नव्हता. पोराचा चेहरा मला अजून आठवतो, आणि त्याला मी दोष देत नाही. तासगावच्या कोल्ड स्टोरेजला बेदाणा महिनोन्‌महिने टिकतो, हे बघत आपली माणसं वाढलेली. थंडीत माल टिकतो, मग जास्त थंडीत जास्त टिकणार, असं त्याला वाटलं. पिशवी हातात देताना आमच्यापैकी कुणीतरी दोन वाक्यं बोलायला हवी होती.

तर ती वाक्यं आज बोलते. रक्त, म्हणजे लाल पेशी, २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. पिशवीतल्या औषधाप्रमाणे ते ३५ किंवा ४२ दिवस टिकतं. प्लेटलेट्सना मात्र ही थंडी मानवत नाही. त्या २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात, आणि तरी ५ दिवसच टिकतात. डेंगीच्या दिवसांत ऐनवेळी धावाधाव होते ती यामुळेच.

गोठवतात तो प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं ते फिकट पिवळं पाणी. उणे ३० अंशांत तो वर्षभर राहतो. त्याची गोठलेली पिशवी काचेसारखी ठिसूळ असते, हातातून निसटली तर तडकते. ती ३७ अंशांच्या पाण्यात, बाहेरून आणखी एक पिशवी घालून, वितळवतात. एकदा वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवत नाहीत.

लाल पेशीही गोठवता येतात, पण त्याआधी त्यांत पेशींना गोठताना वाचवणारं ग्लिसरॉल मिसळावं लागतं. मग त्या उणे ६५ अंशांखाली दहा वर्षं राहू शकतात. वितळल्यावर सगळं ग्लिसरॉल धुऊन काढायचं आणि साधारणपणे २४ तासांत रक्त चढवायचं. हा खटाटोप बॉम्बे रक्तगटासारख्या दुर्मिळ गटांसाठी करतात. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत शोधलेला हा गट. या माणसांना ओ गटाचंही रक्त चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं.

तुमच्या हाती पिशवी आली तर ती रक्तपेढीनं दिलेल्या खोक्यातूनच न्या. बर्फ पिशवीला थेट टेकू देऊ नका. वाटेत जेवायला थांबू नका, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. घरच्या फ्रीजमध्ये तर नाहीच, खालच्या कप्प्यातही नाही. फार गार लागतं म्हणून गरम पाण्यात बुडवू नका, लाल पेशी उष्णतेनंही फुटतात. पिशवी अर्ध्या तासाहून जास्त बाहेर राहिली, तर ती परत साठ्यात घेता येत नाही.

आणि पिशवी लागली नाही, तर खोकं न उघडता लगेच रक्तपेढीला फोन करा. मध्यरात्र असली तरी करा, तिथं कुणीतरी ड्यूटीवर असतंच.

नमस्कार.