कुरमुऱ्यांचा डबा: डाउन सिंड्रोम असलेल्या छकुलीचं बोलणं

[दृश्य: गावातला सकाळचा रस्ता, दुधाची किटली घेऊन सायकल जाते, निवेदन सुरू]

डाउन सिंड्रोम असलेलं मूल घरात असलं की पाहुण्यांचे दोन प्रश्न ठरलेले, चालते का आणि बोलते का. चालण्याचं एक बरं असतं, ते दिसतं, आज भिंत धरून दोन पावलं टाकली, उद्या चार टाकेल. बोलण्याचं तसं नसतं ना. मूल दोन वर्षांचं होतं, समजतं सगळं, "बाबांची चप्पल आण" म्हटलं की बरोबर घेऊन येतं, पण तोंडातून आ आणि ऊच्या पुढे काही निघत नाही, मग घरातले हळूहळू कंटाळतात, प्रश्न विचारणं सोडून देतात, आणि मूल बोलत नाही म्हणून मुलाशी बोलणंच कमी होतं. आमच्या मते खरं नुकसान इथे होतं.

हे घर सातारा जिल्ह्यातलं. नाव घेऊ नका म्हणाले, तर आपण तिला छकुली म्हणू, घरात पण तेच म्हणतात. वय दोन वर्षं चार महिने, केसांच्या दोन शेंड्या, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची जागा ठरलेली.

[दृश्य: आजी भाकरी थापतेय, छकुली बाजूला बसून परातीवर हात आपटतेय]

आधी थोडं सायन्स, पटकन. आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, डाउन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा 47, कारण 21 नंबरची दोनच्या जागी तीन येतात. 1959 मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. साधारण 700 ते 800 जन्मांमागे एक बाळ असं असतं. ग्रहणात आईने सुरी धरली म्हणून, कोणाची नजर लागली म्हणून, यातलं काही नाही. आजीने हे चार वेळा विचारून घेतलं होतं, आता शेजारणीला तीच समजावते.

मग बोलायला उशीर का होतो? लोक म्हणतात जीभ मोठी असते. खरं तर बऱ्याच मुलांची जीभ ठीकठाक असते, तोंडाची पोकळी लहान आणि टाळू अरुंद, त्यात सगळ्या स्नायूंमध्ये ढिलेपणा, ओठांत, गालांत, जिभेत पण, म्हणून जीभ बाहेर आलेली दिसते. आणि एक शब्द बोलायचा म्हणजे श्वास, गळा, जीभ, ओठ सगळ्यांनी एकाच वेळी नीट काम करायचं, ते जमवायला या मुलांना जास्त वेळ लागतो. दुसरं म्हणजे ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं यांना अवघड जातं, डोळ्यांनी बघितलेलं मात्र चांगलं राहतं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

पण त्याच्याही आधी कान.

[दृश्य: जवळून, छकुलीचा कान, मागे कुकरची शिट्टी]

कुकरची शिट्टी झाली की छकुली मान वळवायची. ताट पडलं की दचकायची. त्यामुळे घरातल्यांची खात्री, हिला ऐकू येतं. एका दवाखान्यात पण सांगितलं होतं की ही मुलं उशिराच बोलतात, थांबा, बोलेल. थांबले बिचारे. नंतर स्पीच थेरपिस्टकडे गेल्यावर तिने पहिली गोष्ट काय विचारली असेल तर कानाची तपासणी कधी केली. टिम्पॅनोमेट्री झाली, एकदम सोपी टेस्ट आहे, कानात एक छोटं बोंडासारखं टोक धरतात आणि हवेचा दाब कमीजास्त करतात, दुखत नाही. पडद्यामागे दोन्ही कानांत चिकट पाणी साठलेलं निघालं.

डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये हे खूप कॉमन आहे, कानाच्या नळ्या अरुंद असतात, सर्दी झाली की पाणी साचतं आणि बाहेर पडत नाही. ठसठस नाही, पू नाही, त्यामुळे कोणाला कळत पण नाही. असं मूल बहिरं नसतं, ताट पडलेलं ऐकतंच, पण हळू आवाज पुसट होतात. स, त, क असले बारीक आवाज जातात, शब्दाचं शेपूट जातं. आणि आपल्या मराठीचा अर्धा जीव तर शेपटातच आहे, घरात, घराला, घरून, आला, आली, आलं. कानात बोळे घालून कोणी भाषा शिकेल का?

म्हणून नियम असा की जन्मल्यावर ऐकण्याची तपासणी, ओएई किंवा बेरा नावाची, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी परत, प्रत्येक कान वेगवेगळा नीट तपासून होईपर्यंत, आणि मग वर्षातून एकदा. एकदा नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं नाही, कारण हे पाणी येतं आणि जातं. थायरॉईडची रक्ततपासणी पण दरवर्षी, ते कमी पडलं तरी मूल मंदावतं. छकुलीच्या कानांवर ईएनटी डॉक्टरांनी काही महिने लक्ष ठेवलं, पाणी हटेना म्हणून पडद्यात बारीक नळ्या बसवल्या, ग्रोमेट म्हणतात त्याला. त्यानंतर दोनेक आठवड्यांत आजीच्या लक्षात आलं की पोरगी पावसाचा आवाज ऐकायला खिडकीशी जाते.

आता वेखंड. हो, ते पण झालं या घरात, वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळणं, आणि पोपटाने टोचलेला पेरू आणून खायला घालणं. पेरूने काही बिघडत नाही, धुऊन द्या म्हणजे झालं, पण त्याने वाचा फुटत नाही हे आजीलाही मान्य आहे. मध मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, त्यातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि शहरात वेखंडाची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतलीये, शिट्ट्या फुंकायच्या, ओठांना मसाज, जिभेला व्हायब्रेटर, पैसे बख्खळ. खाणंपिणं सुधारायला यातलं काही उपयोगी पडत असेल, पण नुसतं फुंकून बोलणं स्पष्ट होतं याला ठोस पुरावा नाही. बोलणं बोलून येतं.

[दृश्य: छकुली अंगठा तोंडाकडे नेते, आई पाण्याचा पेला देते]

हे बघितलंत? अंगठा तोंडाकडे, म्हणजे पाणी. ही खूण कोणी क्लासमध्ये शिकवली नाही, गल्लीत खेळताना तहान लागलेली आपली सगळी पोरं हेच करतात. पाच बोटं गोळा करून तोंडाकडे नेली की जेवण, गालाखाली तळवा म्हणजे झोप, पंजा गोल फिरवला की संपलं, बोटांची टोकं एकमेकांवर टेकवली की अजून. ही शेवटची तेवढी थेरपिस्टने दिलेली.

डोळ्यांनी बघितलेलं राहतं म्हणालो ना, ते इथे कामाला येतं. शब्द तोंडात यायला अजून वर्षभर लागेल कदाचित, पण हात आजच तयार आहेत. इंग्लंडमध्ये 1970च्या दशकात मॅकेटॉन नावाची पद्धत निघाली ती याच विचाराची, बोलताना महत्त्वाच्या शब्दाला खूण जोडायची. बोलायचं पूर्ण वाक्य, खूण एका-दोन शब्दांनाच. "चल आपण *पाणी* पिऊ", आणि पाणी म्हणताना अंगठा.

या खुणांना छकुलीच्या बाबांचा विरोध होता. हात हलवायची सवय लागली तर बोलेल कशाला, मुकी राहील. ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि ती चुकीची आहे. अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात की खुणांनी बोलणं अडत नाही, शब्द तोंडात नीट बसला की मूल स्वतःच खूण सोडून देतं, कारण तोंडाने सांगणं जास्त सोपं पडतं, हातात बाहुली असली तरी सांगता येतं. बाबांना पटलं ते वेगळ्याच कारणाने. खुणा यायच्या आधी छकुली डोकं आपटायची, ओरडायची, काय हवंय कळायचंच नाही. अजून आणि संपलं या दोन खुणा आल्यावर जेवतानाचा रडारडीचा कार्यक्रम निम्मा झाला, मग बाबा पण बोटं टेकवायला लागले.

[दृश्य: कुरमुऱ्यांचा पारदर्शक डबा, झाकण घट्ट, छकुलीच्या समोर]

आता हा सीन आम्ही न कापता ठेवलाय, जरा लांब आहे, पण बघा.

डबा पारदर्शक आहे, आतलं दिसतं, झाकण तिला उघडत नाही. आई डबा समोर ठेवते आणि गप्प बसते. "काय पाहिजे सांग, कुरमुरे पाहिजेत का, बोल कुरमुरे, बोल ना" असलं काहीही नाही. भुवया वर, चेहरा छकुलीच्या चेहऱ्याच्या समोर, आणि थांबणं. एक, दोन, तीन... आपल्याला असह्य होतं हो, आपला हात झाकणाकडे जातोच. सात, आठ. छकुली डबा बघते, आईला बघते, परत डबा, आणि मग डब्यावर हात आपटून म्हणते, "म्म्म."

आई लगेच, "मम्म! कुरमुरे पाहिजेत, उघडू?" झाकण उघडतं, तीन-चारच कुरमुरे तळहातावर. मूठभर दिले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. ते खाल्ले की परत बोटांची टोकं एकत्र, अजून. आई म्हणते, "अजून कुरमुरे." तिच्या एका शब्दाला आपला एक जोडायचा, बस. ती भूभू म्हणाली की आपण भूभू आला म्हणायचं, चूक काढायची नाही, नीट बोल म्हणायचं नाही.

या मुलांना ऐकलेलं आत पोचायला, उत्तर जुळवायला आणि तोंड तयार करायला वेळ लागतो, पाच ते दहा सेकंद सहज. आपण दुसऱ्या सेकंदाला प्रश्न परत विचारतो, म्हणजे बिचारीचं जुळत आलेलं सगळं पुसून टाकतो. मोबाईलवरची बालगीतं यासाठीच कुचकामी, ती छान असतील पण थांबत नाहीत. आजीचं तळहातावर मोर बसवायचं गाणं थांबतं, चारा घातला, पाणी पाजलं, आणि शेवटच्या भुर्रच्या आधी आजी बोट हवेत धरून वाट बघते, तेवढ्यात छकुलीचे ओठ थरथरतात. ब, प, म हे ओठांचे आवाज आधी येतात, समोर दिसतात म्हणून, आणि आपली बाळबोली नेमकी त्यांनीच भरलीये, मम्म, पापा, बाबा, भूभू. ळ आणि ण ची घाई कशाला?

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, मागची बाजू]

कॅलेंडरच्या मागे दुधाचा हिशोब आणि त्याखाली छकुलीचे शब्द. नुसती खूण असेल तर टिंब, तोंडाने आला तर फुली. मम्म, बाबा, आ म्हणजे आई, काऊ, ताता. खुणा आणि तोंडचे शब्द मिळून साधारण 50 ते 100 झाले की मुलं दोन शब्द जोडायला लागतात, म्हणून हा हिशोब. उच्चार ओबडधोबड असला तरी चालतो, काऊला ती आऊ म्हणते, पण दर वेळी कावळ्यालाच म्हणते ना, मग तो शब्द धरायचा.

पुण्याचे एक काका आले होते, ते म्हणाले हिच्याशी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांत गोंधळेल, पुढे शाळा इंग्लिशच. असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो, कधी डॉक्टरांकडून पण. कॅनडात दोन भाषांच्या घरातल्या डाउन सिंड्रोमच्या मुलांचा अभ्यास झालाय, दुसऱ्या भाषेने नुकसान झालेलं दिसलं नाही. आणि ज्या आजीला इंग्लिश येत नाही तिने दिवसभर काय करायचं, गप्प बसायचं?

एक गोष्ट अजून, बऱ्याच लोकांना खोटी वाटते. या मुलांना बोलता येण्याआधी वाचायला शिकवता येतं. 1980च्या सुमारास इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला सू बकली यांच्याकडे एका वडिलांचं पत्र आलं, माझी डाउन सिंड्रोम असलेली मुलगी लहानपणीच वाचायला शिकली आणि त्याने तिची भाषा सुधारली. बकलींनी त्यावर पुढे कितीतरी वर्षं काम केलं. बोललेला शब्द हवेत विरतो, कार्डावरचा समोर राहतो. छकुलीसाठी आईने जुन्या लग्नपत्रिका कापून पाठीमागे मोठ्या अक्षरात आई, बाबा, काऊ लिहिलंय, शेजारी फोटो. सध्या ती कार्डं चावते. चालेल, दोन-तीन महिन्यांत जुळवायला लागेल असं थेरपिस्ट म्हणते.

जायचं कुठे? जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, डीईआयसी, जिल्हा रुग्णालयात विचारा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली हे चालतं, डाउन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहे, तपासणी आणि उपचार मोफत, अंगणवाडीत येणाऱ्या टीमकडून पण नाव लागतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाक् आणि श्रवणासाठीची केंद्र सरकारची. खासगी थेरपिस्ट असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का बघा. निरामय या नॅशनल ट्रस्टच्या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपी पण येते. आणि थेरपिस्ट आठवड्यातून अर्धा-पाऊण तास भेटणार, तेव्हा तिच्याकडून मुलाचा व्यायाम करून घेण्यापेक्षा तुम्हीच शिकून घ्या, घरी काय करायचं ते.

[दृश्य: अंगण, छकुली कॅमेऱ्याकडे येते]

सध्या छकुलीला सगळ्यात जास्त आवडलेला शब्द नको. अजून हाताचाच आहे, पंजा जोरात हलवून. मऊ भाताला नको, डोक्याला तेल नको, आजीच्या पापीला पण नको, आजी रागावते आणि लगेच शेजारी सांगायला जाते. शूटिंगच्या दुपारी ऊन वाढलं, आमचा कॅमेरामन तिच्या फार जवळ गेला. ती थांबली, त्याच्याकडे बघितलं, आम्ही गप्प. मग तोंडाने "काका" आणि हाताने नको. तोंडाचा एक, हाताचा एक, असं असलं तरी दोन शब्दांचं वाक्यच धरतात ते. आईने आधी कॅलेंडर उतरवलं, मग आम्हाला चहा टाकला.